पांघरुणाबाहेरचा पाय

पार्वताबाईचा दिवस पायापासून सुरू व्हायचा. घरचे उठायच्या आत ती मागच्या वाडीत जायची, पाटावर बसायची आणि कोमट पाण्यानं, साबणानं डावा पाय धुवायची. बोटांच्या बेचक्यांतून हलकेच बोट फिरवायचं, मग जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं पाय टिपून कोरडा करायचा आणि थोडा वेळ समोरच्या ओंडक्यावर टेकवून ठेवायचा. हे सारं तिला गल्लीतल्या अल्कानं शिकवलं होतं. अल्का गावची आशाताई. पाय स्वच्छ राहिला तर सूज चढत नाही, ताप येत नाही, असं ती सांगायची आणि ते खरंही होतं. पण एवढं करूनही पाय काही बारीक होणार नव्हता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तो एकसारखा जाड झाला होता, कातडी खरबरीत झाली होती, आणि त्या पायातलं जोडवं केव्हाच काढून डब्यात ठेवावं लागलं होतं.

या रोगाला हत्तीपाय म्हणतात. पार्वताबाई तो शब्द कधी तोंडात आणत नसे. ती नुसतं 'माझा पाय' म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरायचं.

गाव गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजूचं, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये वसलेलं. गल्लीतून सिमेंटची नाली गेली होती. बांधताना उतार काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे पाणी वाहायच्या भानगडीत पडत नव्हतं. घराघराचं सांडपाणी तिथंच उभं राहायचं, हिरवं व्हायचं, आणि दिवेलागणीला त्यातून डास उठायचे. लोक ओट्यावर बसून पायांवर चापट्या मारत गप्पा करायचे. साप चावला तर सारं गाव गोळा होतं. डास चावला तर माणूस खाजवतो आणि विसरून जातो. हा रोग डासाच्या सोंडेतून एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो, वर्षानुवर्षं आत गुपचूप राहतो आणि मग एखाद्या दिवशी पाय सुजतो, हे गावाला भिंतीवर लिहून आणि भोंग्यावरून ओरडून सांगून झालं होतं. गावानं मान डोलावली होती. मनात मात्र सगळ्यांनी पक्कं धरलं होतं की हा रोग आईकडून लेकीकडे उतरतो.

म्हणून इकडे मुलगी पाहायला आलेल्या बाया आधी मुलीच्या आईचा पाय पाहतात. उघड कुणी बोलत नाही. चहाची बशी तोंडाला लावायची आणि नजर खाली सोडायची. आईचं लुगडं जमिनीला घासत असेल तर समजून घ्यायचं, बशी खाली ठेवायची, 'कळवतो' म्हणायचं आणि निघायचं. हे एकाच जातीत चालतं असं नाही, सगळ्यांतच चालतं. पार्वताबाईचं घर तर बौद्ध. तिच्या आजेसासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. तेव्हापासून घरातले देव गेले, अंगात येणं गेलं, मुहूर्त गेले, हुंडा घ्यायचा नाही आणि द्यायचा नाही असं ठरलं. आईचा पाय पाहायचं तेवढं राहून गेलं. ते कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे फेकून द्यायला कुणाच्या हाती लागलं नाही.

मोनाली ही पार्वताबाईची एकुलती लेक. बीएस्सी झालेली, गोरेगावच्या एका खाजगी शाळेत शिकवायची, स्कूटीवर जायची-यायची. दोन ठिकाणचे पाहुणे चहा पिऊन गेले ते परत बोललेच नव्हते. पार्वताबाईला काही कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या. आपल्या पायापायी लेकीचं लग्न अडू नये, आणि लेकीचा पाय आपल्या पायासारखा होऊ नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं त्या माउलीला कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत नंदाबाई आली. ही देवीदासची, म्हणजे पार्वताबाईच्या नवऱ्याची, मोठी बहीण. राहायला गोंदियाजवळ फुलचूरला, त्यामुळे बोलण्यात हिंदी आणि वागण्यात शहर. तिनं सोयरीक आणली होती.

"पोरगा तिरोड्याचा हाय, लोकेश नाव. पावर प्लांटात ठेकेदाराकडं इलेक्ट्रिशियन हाय. घर अपना, माणसं सीधी. रविवारी येऊन राहिले ते," नंदाबाई म्हणाली. मग आवाज उतरवून, "पण त्याची माय, रुख्मिणी, तिची नजर लय तेज हाय."

पार्वताबाईनं नकळत पाय लुगड्याखाली ओढला. "बाई, मी रविवारी माहेरी निघून जाऊ काय?"

"माय घरी नाई म्हणलं का लोक जास्तच इचारतात. तू घरीच राहाय. मी सांगीन तसं कर फक्त. टेंशन नोको घेऊ."

देवीदास काही बोलला नाही. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांना अशा वेळी गप्प बसता येतं.

त्याच संध्याकाळी अल्का गोळ्यांची पिशवी घेऊन आली. वर्षातून एकदा हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर देतात. रोग असो-नसो, सगळ्यांनी खायच्या, आणि आशाताईच्या समोर खायच्या, असा नियम. "जेवण झालं ना सगळ्याईचं?" म्हणत अल्कानं पिशवी सोडली. मोनालीनं हात पुढे केला.

"थांब व," नंदाबाई म्हणाली. "अल्का, मागच्या साली या गोळ्यांनी कोणाले तरी ताप आला होता म्हणे?"

"येते कोणाकोणाले, आत्याबाई. ज्याच्या रक्तात जंतू राहते त्यालेच येते. गोळीनं ते जंतू मरून राहिले म्हणून येते. एका दिवसात उतरते. ताप आला तं चांगलंच समजाचं."

अल्का हे धीर द्यायला बोलली होती. त्या घरात त्या दिवशी ते उलटंच पडलं.

"म्हणजे ताप आला तं रोग हाय," नंदाबाई म्हणाली.

"रोग नाई वो, जंतू..."

"तेच ते. आनि पोरगी तापली, गल्लीत समजलं, तं तिरोड्याले पोचाले किती वेळ लागते? पक्का सबूतच झाला ना तो."

"आत्या, हा रोग आईपासून नाई येत," मोनाली म्हणाली. "मच्छरापासून येते. मी वर्गातल्या पोराईले शिकवते हे. माह्या रक्तात असन तं आत्ताच मरू दे ना. कायले ठेवाचं?" आणि तिनं आईकडे पाहिलं.

सगळ्यांनीच पार्वताबाईकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की मोनाली खरं बोलते. तिच्या स्वतःच्या लहानपणी या गोळ्या घरोघर येत नव्हत्या. आल्या असत्या तर आज हा पाय नसता, हेही अल्कानं तिला सांगितलं होतं. पण चहा पिऊन निघून गेलेली ती दोन कुटुंबं तिच्या डोळ्यांपुढे होती. मोनालीनं त्या दोन्ही वेळी बश्या विसळताना काही म्हटलं नव्हतं, आणि त्या न बोलण्यानं पार्वताबाईचा जीव जास्त तुटला होता.

"रविवार होऊ दे, मोना," ती म्हणाली.

"मले उद्यापासून दुसऱ्या टोलीवरच्या घराईत जा लागते, काकी," अल्का म्हणाली.

"मंग शाई लावून दे बोटाले आनि गोळ्या ठेवून जाय," देवीदास पहिल्यांदाच बोलला. "रविवारनंतर खाईन ते."

गोळी खाल्ली की बोटावर शाईची खूण करायची असते. अल्का थोडा वेळ घुटमळली. तिनं न ऐकता उठून जायला हवं होतं. पण नंदाबाई तिची लांबच्या नात्यातली, घरं अजून कितीतरी राहिलेली, आणि तिलाही दोन मुली होत्या. तिनं मोनालीच्या बोटाला शाई लावली आणि गोळ्या पुडीत बांधून ठेवून गेली. त्या वर्षी गावात पोटात गेलेल्या गोळ्यांपेक्षा शाई लागलेली बोटं जास्त होती, आणि हे असं फक्त त्याच गावात झालं असेल असं समजायचं कारण नाही.

रविवारी सकाळपासून नंदाबाईनं घर हातात घेतलं. पार्वताबाईला आतल्या खोलीत खाटेवर निजवलं, अंगावर जाड चादर घातली. अंगात कणकण आहे असं सांगायचं ठरलं. मग नंदाबाईनं जरा मागं सरून पाहिलं, मान हलवली, आणि चादर वर करून पार्वताबाईचा उजवा पाय बाहेर काढला. तो चांगला पाय. सडपातळ, घोट्याचं हाड वर आलेलं, बोटात जोडवं. तिनं त्या पायाच्या नखांना मोनालीची नेलपॉलिश लावली.

"हा असाच बाहेर राहू दे," ती म्हणाली. "दुसरा हलवू नोको."

पार्वताबाईला हसूही आलं आणि रडूही. एवढ्या वर्षांनी तिच्या पायाला कुणी नटवत होतं.

पाहुणे आले. बाहेरच्या खोलीत पोहे झाले, मोनालीला प्रश्न विचारून झाले. मग बाया जरा आत-बाहेर करू लागल्या आणि पुरुषांच्या गप्पा रंगल्या. भिंत कच्ची, त्यामुळे पार्वताबाईला सगळं ऐकू येत होतं. लोकेशचे वडील सेवकराम मोकळ्या स्वभावाचे होते.

"मी बी दोन साल झाले जड काम सोडलं," ते देवीदासला सांगत होते. "हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं ना माह्यं. सरकारी दवाखान्यात, फुकटात."

"अरे, माह्यं बी झालं," देवीदास म्हणाला. "गोंदियाले, शिबिरात."

"कोणता डॉक्टर होता?"

आणि दोघं व्याही व्हायच्या आधीच खळखळून हसले. एका ऑपरेशननं त्यांची सोयरीक जमली म्हणायला हरकत नाही. पार्वताबाई आत चादरीखाली पाय आवळून ऐकत होती. ते दुखणं आणि आपलं दुखणं एकाच डासानं दिलेलं आहे, बाईच्या पायात उतरतं तेच पुरुषाला तिथं होतं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे अल्कानं सांगितलं तेव्हा तिला त्या हसण्याची आठवण आली. पुरुषाचं दुखणं कपड्याआड राहतं, सरकार ते कापून देतं आणि चहाबरोबर त्याच्या गोष्टी होतात. सोयरिकीत ते पाहायला कुणी जात नाही.

तेवढ्यात रुख्मिणीबाई आत आल्या आणि खाटेशी बसल्या.

"कणकण हाय म्हणे? डोकं दुखते काय?" त्यांनी विचारलं, आणि त्यांची नजर चादरीवरून घसरत पायाकडे गेली. जोडवं, नखं, घोटा, सगळं पाहून झालं. "पाय दाबून देऊ काय थोडा?"

बाहेरचा पाय पार्वताबाईनं आपणहून त्यांच्याकडे सरकवला. "नाई वो, तुमी पाहुणे माणसं," ती कशीबशी म्हणाली. नंदाबाई पानाचं तबक घेऊन धावत आली आणि रुख्मिणीबाई उठल्या. जाता जाता त्यांनी पार्वताबाईच्या चांगल्या पायाला हात लावून नमस्कार केला. सोयरीक पक्की झाली.

रविवार झाला. आता मोनालीनं गोळ्या खायला हरकत नव्हती. पण साखरपुड्याला तिरोड्याहून माणसं येणार होती, मध्येच ताप आला तर काय, म्हणून साखरपुडा होऊ दे असं ठरलं. साखरपुडा झाला तेव्हा लोकेशची बहीण चार दिवस राहायला आली, आणि पार्वताबाई ते चारही दिवस आजारी म्हणून चादरीखालीच राहिली. मग लग्न होऊ दे असं ठरलं. मोनाली आधी चिडायची, नंतर तीही गप्प झाली. लोकेश तिला आवडला होता. सुखाची आशा माणसाला भित्रं करते, आणि शिकलेली पोरगी त्याला अपवाद नसते.

लग्न मे महिन्यात गोरेगावच्या एका हॉलमध्ये झालं. इतक्या माणसांत पाय कुठं लपवणार? पार्वताबाईचा बीपी वाढला असं नंदाबाईनं सगळ्यांना सांगितलं. हॉलच्या मागच्या खोलीत, पाहुण्यांच्या बॅगांशेजारी, तिला खुर्ची टाकून दिली होती. लाउडस्पीकरवरून वंदना ऐकू आली तशी ती उठून उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड करून तिनं हात जोडले. आपल्या लेकीचं लग्न तिनं कानांनी पाहिलं.

निघताना मोनाली त्या खोलीत आली आणि आईच्या गळ्यात पडली. पार्वताबाईनं गोळ्यांची पुडी तिच्या हातात कोंबली.

"तिथं जाऊन खाऊन घे, मोना."

"आई, तिथं ताप आला तं काय सांगू मी?" मोनालीनं पुडी परत आईच्या मुठीत दिली. "राहू दे. काही होत नाई मले."

पावसाळा सरता सरता बातमी आली की मोनालीला दिवस गेलेत. पार्वताबाईनं गल्लीत साखर वाटली. पुढच्या फेब्रुवारीत गोळ्यांची मोहीम आली तेव्हा अल्कानं मान हलवली. पोटुशी बाईला या गोळ्या देत नाहीत. आता बाळंतपण झाल्यावरच. पार्वताबाईनं मनात म्हटलं, एवढं वर्ष गेलं, अजून थोडं.

मार्चमध्ये मोनाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. लोकेशनं तिला मोटारसायकलवरून हळूहळू आणलं. ओट्यावर बसून तिनं चपला काढल्या, आणि पार्वताबाईचं लक्ष गेलं. डाव्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उमटला होता.

"अशा दिवसांत पाय सुजतेच, आई," मोनाली घाईनं म्हणाली. "सासूबाई बी तेच म्हणतात."

लोकेश गेल्यावर पार्वताबाईनं लेकीला आत नेलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"दुसरा दाखव."

"आई, नोको ना."

"दाखव, मोना."

उजवा पाय होता तसाच होता. लग्नाआधी होता तसा, हाड वर आलेला. पोटुशीचे पाय सुजतात ते दोन्ही सुजतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पार्वताबाई कितीतरी वेळ ते दोन पाय मांडीवर घेऊन बसली. तिची स्वतःची सुरुवात अशीच झाली होती. मोनालीनं तोंड पदरात लपवलं. आईनं तिला थोपटलं. 'रविवार होऊ दे' हे शब्द तिचेच होते.

अल्कानं दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. बाळंतपण होऊ दे, मग औषध सुरू करू, सुरुवात आहे, आटोक्यात राहील, असं त्यांनी सांगितलं. मात्र पूर्वीसारखा पाय होईल काय, या प्रश्नावर त्यांनी कागदावर लिहायला घेतलं.

मोनालीला मुलगी झाली. घरात इतक्या दिवसांनी आनंद आला की पार्वताबाई स्वतःचा पायही विसरली. बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालायची तिची फार इच्छा होती. शिवल्यानं हा रोग होत नाही असं अल्कानं पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा तिची भीड चेपली. मागच्या वाडीत पाटावर बसून, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून, दोन्ही पाय लांब करून ती नातीला त्यांवर निजवायची. जाड पाय उलट सोयीचा होता, बाळ घसरत नसे. कोमट पाण्याचा तांब्या सोडला की ती एवढीशी पोर मुठी आवळून गप्प पडायची, आणि पार्वताबाई तिच्याशी बोलत राहायची.

रुख्मिणीबाई न कळवता आल्या त्या अशाच वेळी. नातीला पाहायची घाई झाली होती, हातात टोपडी-झबल्यांची पिशवी होती. बाहेरच्या खोलीत कुणी दिसेना म्हणून त्या पाण्याच्या आवाजाच्या रोखानं मागच्या दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. पार्वताबाईनं वर पाहिलं. हातात बाळ, बाळाच्या अंगाला साबण. पाय झाकायला तिला हातच मोकळा नव्हता.

रुख्मिणीबाई वळल्या, मोनाली निजली होती त्या खोलीत गेल्या, आणि तिच्या पायावरची गोधडी बाजूला केली. मोनाली जागी होऊन उठून बसली. सासूनं दोन्ही पाय पाहिले, गोधडी पुन्हा नीट घातली.

"फसवलं तुमी आमाले," मागून धावत आलेल्या पार्वताबाईला त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी पाय दाबून देऊ काय म्हणली होती ना तुमाले, तवाच सांगाचं होतं."

"माह्यी चूक हाय, बाई. माह्या लेकीची नाई. तिचं औषध चालू होऊन राहिलं..."

"आनि हे पोरगी? हिचं काय?" रुख्मिणीबाईंनी बाळाकडे बोट केलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ रडत होतं. पाण्याचा ग्लासही न घेता त्या गेल्या. टोपड्यांची पिशवी तेवढी दारात ठेवून गेल्या, ती त्यांच्या चांगुलपणानं की विसरून, हे कळलं नाही.

मोनालीचं औषध सुरू झालं. सूज काही उतरली, काही राहिली. तिरोड्याहून न्यायला कुणी आलं नाही. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपल्यावर एकदा लोकेश आला, ओट्यावरच बसला. मोनालीनं बाळ त्याच्याजवळ दिलं. त्यानं बाळाला खेळवलं, आणि खेळवता खेळवता तिचे दोन्ही चिमुकले पाय हातात घेऊन जवळ जवळ धरून पाहिले. मोनाली आत निघून गेली.

"जवाईबापू," पार्वताबाई दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या बाबूजीचं ऑपरेशन झालं होतं ना? ते बी हेच हाय. त्याच मच्छराचं. माह्यं पायात उतरलं, त्याईचं तिथं. तुमच्या आईनं त्याईले तं नाई पाठवलं कोठी."

लोकेशची मान खाली गेली. "माहीत हाय मले. दवाखान्यात इचारलं मी. घरी सांगितलं बी. बाबूजी काहीच नाई बोलले, उठून बाहेर गेले." त्यानं बाळाचं टोपडं नीट केलं. "आईले समजावून राहिलो मी. थोडा टाइम द्या."

टाइम दिला. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्यातून एकदा, मग मोनाली फोन उशाशी न ठेवता कपाटात ठेवू लागली. शाळेत तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. नंदाबाई फुलचूरहून यायची बंद झाली.

पुन्हा फेब्रुवारी आला आणि गोळ्यांची मोहीम आली. या वेळी पार्वताबाईनं सकाळीच लुगडं वर खोचलं आणि अल्काला म्हणाली, "मी येऊन राहिली तुह्यासंगं." लपवायला आता उरलं काय होतं? ती लंगडत गल्लीभर फिरली. दारोदारी पाय दाखवला, पोरासोरांना गोळी का खायची ते सांगितलं. पुष्कळांनी खाल्ल्या. अल्कानं त्या दिवशी एकाही बोटाला फुकटची शाई लावली नाही.

शेवटी देवकाबाईचं घर आलं. हिच्या नवऱ्याचं, गुलाबचंदचं, कोपऱ्यावर किराण्याचं दुकान. मुलगी चेतना मोनालीच्या शाळेत शिकलेली, आता कॉलेजात. देवकाबाईनं स्वतः गोळ्या खाल्ल्या, धाकट्या पोराला खायला लावल्या. चेतनाची पाळी आली तशी ती दारात आडवी झाली.

"तिले नोको. उद्या पाहुणे येऊन राहिले बालाघाटचे."

"देवका, मी बी असंच म्हणलं होतं," पार्वताबाई म्हणाली. "माह्या मोनालीचं काय झालं ते तुह्या डोळ्यासमोर हाय. गोळी खाल्ली असती तं हे दिवस आले नसते."

"म्हणूनच तं भेव वाटते वो," देवकाबाई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रोगानं नाई पाठवलं मोनालीले परत. समजल्यानं पाठवलं."

लेकीचं मोडलेलं घर दाखवून गावाला शहाणं करावं म्हणून पार्वताबाई सकाळपासून वणवण फिरत होती, आणि गाव त्याच मोडलेल्या घराकडे पाहून आणखी घट्ट दार लावत होतं. ते दार लावणाऱ्या बाईला चूक म्हणायचं तरी कसं? देवकाबाई आई होती, आणि ज्यांच्या नजरेला ती भीत होती ती माणसं उद्या खरंच येणार होती. ती बालाघाटची असतील, तिरोड्याची असतील, हा मजकूर वाचणाऱ्या कुणाच्या घरचीही असतील.

पार्वताबाई देवकाबाईच्या ओट्यावर बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि डावा पाय रस्त्याच्या बाजूला लांब केला.

"चेतना गोळी खाईन तवा उठीन मी," ती म्हणाली. "उद्या सकाळी पाहुणे आले तं मले पाहतील. पाहू दे."

"काऊन असं करता, बाई? आमची पोरगी हाय ते."

"म्हणूनच."

देवकाबाईनं दार लावून घेतलं. आतून चेतनाचा आवाज आला, "आई, मी खाऊन घेते ना," आणि मग काहीतरी दबक्या आवाजात बोलणं झालं आणि ते थांबलं. अल्का दोन गोळ्या पार्वताबाईच्या हातात ठेवून शेजारी बसली. जाणारे-येणारे पायाकडे पाहून नजर फिरवत होते. पूर्वी त्यांच्या आधी तीच नजर फिरवायची.

दिवस मावळला तसे नालीतून डास उठले. पार्वताबाईच्या हातांवर, मानेवर, त्या उघड्या पायावर बसू लागले. तिनं ते हाकलले नाहीत, तिची मूठ गोळ्यांवर आवळलेली होती. देवकाबाईच्या घरात दिवा लागला. दार बंदच होतं. खिडकीला जाळी नव्हती, आणि आत चेतना उद्यासाठी साडीला इस्त्री करत होती.